जुन्या जीपला मोठा अल्टरनेटर बसवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पाऊस लागला की जुन्या गाडीचं वायरिंग किती पाण्यात आहे ते कळतं. जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढताना हेडलाइट, फॉग लॅम्प, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर असं सगळं एकदम चालू असतं, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. उसाच्या हंगामात संकेश्वर-हुक्केरी बाजूला ट्रॅक्टरांच्या रांगेमागे अडकलं तरी तेच. दिवे पिवळे पडतात, वायपर जड होतो आणि लोक बॅटरी बदलतात. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. चालू गाडीत सगळा भार अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रानेच उचलायचा असतो.

म्हणून आधी हिशोब मांडा. ६०/५५ वॅटच्या हेडलाइटची जोडी अपरवर सुमारे ९ अँपिअर घेते. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प ८, टेल आणि मीटरचे दिवे ३, वायपर ५, ब्लोअर जोरात असेल तर १२. हे झाले ३७. मागाहून एसी बसवलेला असेल तर कंडेन्सरचा पंखा आणि क्लच मिळून आणखी १५ धरा. जुन्या जीपवर किंवा छोट्या पेट्रोल गाडीवर मूळचा अल्टरनेटर बहुधा ३५ ते ५० अँपिअरचा असतो, आणि प्लेटवरचा हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे फिरत असतानाचा. इंजिन ७५० वर आयडल (रेस न देता नुसतं चालू) आणि पुलीचं प्रमाण दुप्पट, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे दोन, असेल तर अल्टरनेटर १५०० वरच फिरतो. तिथे प्लेटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही करंट मिळेल याची खात्री नाही. तापल्यावर तो आणखी घटतो. घेताना दुकानदाराला १५०० ते १८०० फेऱ्यांवर किती अँपिअर मिळतात तेच विचारा.

पण खर्च करण्याआधी मल्टीमीटर लावा. इंजिन २००० वर धरून सगळे दिवे चालू करा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि हेडलाइटच्या सॉकेटवर ११.५ दिसत असतील तर दोष अल्टरनेटरचा नाही, जुन्या स्विचचा आणि बारीक वायरचा आहे. एवढ्या घटीने बल्बचा प्रकाश चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतो. लोअर-अपरला वेगळे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर टाकली की काम भागतं. बॅटरीवरच १३ च्या खाली येत असेल, तर आधी बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश तपासा, मगच मोठ्या अल्टरनेटरकडे वळा.

सिंगल व्ही-बेल्टवर ७० ते ७५ अँपिअरच्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ७५ अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे १०५० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे बेल्टवर सुमारे अडीच हॉर्सपॉवरचा भार. १२० अँपिअरचा लावला की बेल्ट ओरडतो, घसरून जळतो, आणि तो थांबवायला जास्त ताणला की वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

अल्टरनेटरला लहान पुली लावली की तो जास्त वेगाने फिरतो आणि आयडलचा करंट वाढतो. डिझेल जीपचं इंजिन फारसं वर जात नसल्याने तिथे हे चालतं. ६००० पर्यंत जाणाऱ्या पेट्रोल इंजिनावर अडीचपटीला अल्टरनेटर १५००० गाठतो, तिथे हा उपाय नको. पुली लहान केली की बेल्टची पकडही कमी होते, हेही ध्यानात घ्या.

डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप आहे का, हे खरेदीआधी बघाच. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम तिथूनच येतो. पंप नसलेला अल्टरनेटर बसवला तर दिवे झकास लागतील आणि ब्रेक दगडासारखा होईल. पंपाच्या तेलाच्या दोन्ही नळ्यांचे वॉशर नवे घाला.

ब्रॅकेटमध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. अॅल्युमिनियमचा कान तडकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवर मापाचा स्पेसर करून मिळतो. तिन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत ना ते पाहा.

आता वायर. इथेच सगळ्यात जास्त कामं बिघडतात. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची मूळची ६ चौरस मिलिमीटरची वायर दोन मीटर लांब असेल तर ७० अँपिअरला ०.४ व्होल्ट खाते आणि तापते. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका, घट ०.१५ वर येते. लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नको. १०० अँपिअरचा बोल्टचा फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, कारण केबल कुठे घासून बॉडीला लागली तर जाळणारा करंट बॅटरीतून येतो. इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह अशी नवी जाड अर्थ केबल टाका. पत्रा खरवडून, चकचकीत करून मगच नट आवळा.

डॅशबोर्डवर ३०-०-३० चा अँपिअर मीटर असेल तर तो काढायलाच हवा. बॅटरीकडे जाणारा करंट त्याच्या दोन नटांतून फिरून येतो. उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरवर सहज ४० अँपिअर ओढते. नट तापून मागचा हार्नेस वितळतो. त्या दोन्ही वायरी एका बोल्टवर जोडून नीट इन्सुलेट करा, जुनी चार्जिंगची वायर अल्टरनेटरच्या टोकाकडून सोडून बंद करा आणि मीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवा. वेगळा कटआउट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा बाहेरचा डबा) असेल तर नव्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असल्याने तोही सोडवायचा.

अल्टरनेटरच्या एल टर्मिनलची वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून येते आणि सुरुवातीचं चुंबकत्व त्याच करंटने मिळतं. तिथे २ ते ३ वॅटचा साधा बल्बच ठेवा. एलईडी लावायचा असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा, नाहीतर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

काम झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. पूर्ण भारावर अल्टरनेटरचा बी प्लस (करंट बाहेर पडतो तो बोल्ट) आणि बॅटरी पॉझिटिव्ह यांच्यात ०.३ पेक्षा जास्त फरक नको. मल्टीमीटर एसी व्होल्टच्या (उलटसुलट करंटच्या) रेंजवर ठेवून अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरमधला डायोड गेलाय. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघणारे मिस्त्री अजून आहेत. तसं करू देऊ नका, त्या झटक्यात रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही जातात. बॅटरी पार उतरलेली असेल तर आधी चार्जरवर रात्रभर लावा.

नवा बेल्ट पहिल्या दोनेकशे किलोमीटरांत ढिला पडतो. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबेल इतका पुन्हा ताणून घ्या.