लिऊबाव: सुपारी सापडली, पण रिकाम्या भांड्यात

सापडली एकदाची! लिऊबाव हा चीनचा आंबवून मुरवलेला काळा चहा, आणि मुरलेल्या लिऊबावला सुपारीचा वास येतो अशी त्याची ख्याती. मागच्या नोंदीत ज्या मलेशियात मुरलेल्या लिऊबावमध्ये ती सापडेना म्हणून बोटं मोडली होती, त्याच टोपलीच्या चहात काल सुपारी लागली. तीही कपात नाही, रिकाम्या चहाहाईत, म्हणजे कपांत वाटण्याआधी चहा ज्यात ओततात त्या भांड्यात. चौथं पाणी ओतून झाल्यावर काचेचं भांडं तसंच राहिलं, पार गार झालं, आणि सहज नाक घातलं तर आत ताज्या सोललेल्या सुपारीचा वास. किंचित तुरट, लाकडाकडे झुकणारा, मागे कापरासारखा थंडावा. श्रीवर्धनकडच्या वाडीत ज्यानं रोठा सुपारी सोलताना पाहिलीय त्याला जास्त सांगायला नको. पानाच्या गादीवरची सुपारी डोक्यात ठेवून शोधाल तर जन्मात सापडणार नाही, तिथे वेलची आणि गुलकंदाचंच राज्य.

इतके दिवस आडवा येत होता तो कोठीचा, म्हणजे दमट साठवणीचा वास. आता लिऊबाव म्हटलं की थोडी कोठी आलीच. चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या वूचौमध्ये ढीग लावून आंबवलेला चहा वाफवून बांबूच्या टोपल्यांत ठासून भरतात आणि मग थंड, दमट जागेत मुरत ठेवतात, तेव्हा तळघर त्याच्या अंगातच असतं. पण माझा माल तिथून निघून मलेशियाच्या उकाड्यात बरीच वर्षं पडलेला. मलाया द्वीपकल्पात कथिलाच्या खाणींवर गेलेले चिनी मजूर हाच चहा प्यायचे, त्यामुळे तिकडे जुना साठा मिळतो हे खरं. मात्र विक्रेत्यानं कागदावर छापलेलं साल मी मनावर घेत नाही. साल छापायला शाई पुरते.

तर या कोठीवर काय काय केलं? आधी धुवण (पानांवर ओतून लगेच फेकायचं पहिलं पाणी) वाढवलं. पाच ग्रॅम चहा, शंभर मिलीचं गायवान (झाकणाचा चिनी पेला), उकळतं पाणी, दोनाऐवजी तीन धुवणं. वास तसूभर हलला नाही, अंगाचा गोडवा मात्र धुवणाबरोबर मोरीत गेला. मग उलट टोक गाठलं आणि पातेल्यात उकळून बघितला, तर ओल्या गोणपाटाचा वास घरभर. पाण्याचाही फेरफटका झाला. आरओच्या पाण्यात रंग झकास उतरतो आणि चव सपाट होते, हे माझं मत आता पक्कं. मुंबईचं नळाचं पाणी मुळात मऊ आहे, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलं की या चहाला तेच बरं. त्यानं चहाचं अंग (दाटपणा) सुधारलं, पण कोठी जागची हलली नाही.

शेवटी उपाय निघाला तो चहा करण्याआधीचा. टोपलीतला गठ्ठा हातानं मोकळा केला (सुरी नको, पानांचा भुगा होतो), नव्या चिनी मातीच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरला, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या खोलीत ठेवला. लोणच्याची जुनी बरणी कितीही घासली तरी घेऊ नका, हा चहा वास टिपकागदासारखा ओढतो. थंडीचे दिवस असल्यानं खोलीतली आर्द्रता साठीच्या आसपास होती, मधूनमधून वरखाली हलवत राहिलो. हळूहळू गोणपाट मागे सरला आणि खालून गूळ, खारीक असं काहीतरी वर यायला लागलं. पावसाळ्यात हे करायचं नाही, नाहीतर बरणीत बुरशीची शेती होईल. पिवळे बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा सोनफुलं, म्हणजे या चहात चांगली मानली जाणारी बुरशी. पांढरा-हिरवा लोकरीसारखा थर दिसला तर सरळ फेकून द्या.

एक किरकोळ आनंदाची गोष्ट म्हणजे तापमान दाखवणारी बाकदार चोचीची महागडी किटली आता मी पाहुण्यांच्या ग्रीन टीपुरती ठेवलीय. लिऊबावसारख्या आंबवलेल्या काळ्या चहाला खळखळतं पाणी लागतं, तिथे आकडा बघायचाय कुणाला?

पुढचा बेत नीशिंग मातीच्या चहादाणीचा होता. चिनचौची ती भांडी लिऊबावच्याच ग्वांगशीची, बिनझिलईची, जोडी जमली असती. पण हे लिहिता लिहिता शंका आली. बिनझिलईची माती वासाच्या कडा गोल करते, कोठीच्या आणि सुपारीच्याही. जी मुश्किलीनं हाती लागली तीच भांड्याला कशाला पाजू? तेव्हा चहादाणी तूर्त रद्द. त्या पैशांत पाइनच्या धुरावर सुकवलेल्या, शेतकऱ्याकडच्या जुन्या पद्धतीच्या लिऊबावचं सॅम्पल मागवतो, कारण सुपारीचं मूळ त्या मुरलेल्या धुरात आहे असं मानणारे बरेच आहेत. माझा माल कारखान्याचा, त्यात धूर असा नाहीच, मग काल आलं ते कुठून?

आणि हो, वास गार भांड्यातच येतो तर तैवानी ऊलाँगवाल्यांचे ते उभट वास-पेले (चहा ओतून रिकामे केल्यावर हुंगायचे) काय वाईट? आजवर मी त्यांना नाटक म्हणत आलोय. माळ्यावर कुठेतरी एक जोडी पडलीय, रविवारी काढतो. कुणी लिऊबाववर वापरले असतील तर किती वेळ गार होऊ द्यायचे तेवढं सांगा.