एकच बैल

तान्हा पोळा, रात्री

"एकच बैल आणला का जी? जोडी नाही?"

बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, हातावर ठेवता ठेवता दारातल्या बाईंनी सहज विचारलं. माझ्या नातवाच्या, गोलूच्या गालाला हात लावला, त्याच्या लाकडी बैलाला हळदकुंकू वाहिलं, आम्ही पुढच्या दाराकडे वळलो. मनाला लागावं असं त्या काहीच बोलल्या नाहीत. तरी जेवण झालं, पोरगा झोपला, सगळं आवरून झालं आणि तेच वाक्य अजून कानात आहे.

तान्ह्या पोळ्याला जोडी लागत नाही. मोठ्या पोळ्याला लागते. अमावस्येला तोरणाखाली बैल जोडीनं उभे राहतात, कारण वर्षभर जुवाखाली ते जोडीनंच असतात. दुसऱ्या दिवशीचा पोळा लेकरांचा. एक लेकरू, एक बैल, एक दोरी. दुसऱ्या रघुजी राजांनी तो सुरू केला असं नागपूरच्या महाल भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल पाहायला अजून लोक जातात. आज आमच्या फ्लॅट-स्कीमच्या पार्किंगमध्येही बहुतेक पोरांकडे एकेकच बैल होता. त्यांना कोणी विचारलं नाही. आम्हालाच का विचारलं?

कारण आमचा बैल पाहिला की जोडीतला आहे हे कळतं. त्याची मान डावीकडे वळलेली आहे. जोडीतला उजव्या हाताचा बैल असाच कोरतात, सोबत्याकडे पाहणारा. ज्यांच्या माहेरी शेती होती त्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही. त्यांनी बैलाकडे पाहूनच विचारलं.

आमचा वाडा गेला तेव्हा वाटण्या सगळ्या मोजून-मापून झाल्या. देव्हारा तिकडे, पितळी हंडे इकडे. दोन भाऊ, दोन बैल. त्या दिवशी ते सगळ्यांना बरोबरच वाटलं होतं. डावा बैल पुण्याला गेला. तिकडे तान्हा पोळा नाही, त्यामुळे तो शोकेसमध्ये आहे. काचेवर घसरतो म्हणून चाकं काढून ठेवली, असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. त्यावर काय बोलणार.

गोलूचा दोरी धरून चालायचा हा पहिला पोळा. गेल्या साली कडेवर होता. म्हणून या वेळी सगळं नीट करायचं ठरलं होतं, आणि झालंही नीट. ते लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी कामाला येईल, आणि दुसरं मनातून जरा बाजूला होईल.

लाकूड आधी. वर्षभर कपाटात राहिलेला सागवानी बैल कोरडा पडतो, पांढुरका दिसतो. खोबरेल लावू नये, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि मिरवणुकीतली सगळी धूळ अंगावर घेतं. जवसाचं तेल लाकडात मुरून सुकतं. पण त्याला दिवस लागतात, या दमट हवेत जास्तच. पोळ्याच्या आदल्या दिवशी लावलं तर झूल चिकटते. आठ-दहा दिवस आधी, फडक्यानं, अगदी पातळ हात द्यायचा आणि राहिलेलं तेल पुसून काढायचं. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, पसरून वाळवायचं. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. खांदशेकणीचं, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायचं, हळद-तूप आपण याच्याही खांद्याला लावतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. ते बोटाच्या टोकाएवढंच लावायचं आणि रात्रीच पुसायचं. नाहीतर सकाळी मुंग्या.

चाकं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लाकडी आसावरचं चाक घट्ट बसतं. तेव्हा तेल ओतलं की धूळ धरते आणि चाक आणखी अडतं. चाक काढून आसावर मेणबत्ती घासायची, काम होतं. बाजारातल्या स्वस्त बैलांना फांदीची आडवी चकती कापून चाकं लावतात. ती पहिल्या उन्हाळ्यात मध्यापासून कडेपर्यंत चिरतात, कारण लाकूड वाळताना वळ्यांच्या दिशेनं जास्त आकसतं. फळीतून कापलेलं चाक टिकतं. चितार ओळीत, कारागिरांच्या त्या गल्लीत, बैल घेताना आधी चाकच उलटून पाहावं. मधोमध गोल वळ्या दिसल्या तर ठेवून द्यावा.

दोरी मानेला बांधायची नाही. सगळे मानेला बांधतात, कारण ते दिसायला खरं दिसतं, आणि मग अर्ध्या पोरांचे बैल तोंडावर पडतात. ओढ वर लागते, चाकं खाली अडतात, बैल पुढे कलंडतो. बैल ज्यावर उभा असतो त्या पाटाच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूनं आकडी मारून तिथे दोरी बांधायची. मानेतला कासरा नुसता शोभेचा, सैल. दोरी आखूड असेल तर पुढची चाकं उचलली जातात. गोलूच्या उंचीला चार फूट बरोबर बसली.

झूल वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत. आमच्या बैलाला ते अंतर सात इंच आहे. वशिंडासाठी मधे चीर द्यावी लागते, नाहीतर झूल एका अंगाला घसरते. खाली पाटापासून दोन बोटं वर थांबायला हवी, त्याहून लांब झाली की मागच्या चाकात गुंतते. शिंगांना हिंगूळ आणि टोकाला बेगड. मठाठीचे, म्हणजे कपाळावरच्या पट्टीचे, गोंडे आणि घुंगरू डिंकानं चिकटवायचे नाहीत, दुहेरी दोऱ्यानं शिवायचे. या वयाचं लेकरू सुटलेलं घुंगरू थेट तोंडात घालतं. सूनबाईनं प्रत्येक घुंगरू ओढून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

सकाळी मारबत. दाराशी लावलेले पळसाचे मेढे काढले, "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत" म्हटलं, आणि इतवारीत मारबतींची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि रंग, आणि एवढ्या मोठ्या बाईला गल्लीतून वळवणारे ते खांदे! काळीचं नातं लोक भोसल्यांच्या बाकाबाईंशी जोडतात, इंग्रजांना मिळाल्याच्या रागाशी. सोबतच्या बडग्यांमध्ये, म्हणजे पुरुषी पुतळ्यांमध्ये, दरवर्षी नवा राग असतो, महागाई, खड्डे, कोणी पुढारी. लहान लेकराला घेऊन नेहरू पुतळ्यापाशी, दोन्ही मारबती भेटतात त्या जागी, उभं राहायचं नाही. तिथे गर्दी एकदम दाटते, मागे सरायला वाट उरत नाही. सकाळी लवकर जागनाथ बुधवारीत जाऊन पिवळी निघायच्या आधीच पाहावी, तेव्हा लेकराला जवळ नेता येतं. मग मिरवणूक एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, मागे वाट मोकळी ठेवून. कानात कापूस. गोलू ढोलाला घाबरला नाही, तिच्या डोळ्यांकडे टक लावून पाहत होता. त्याच्या बापाला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो जो रडला होता... असो.

येताना तर्री-पोहे. गोलूला नुसते पोहे.

आणि हे शहर माझं आहे असं ज्या दिवशी सगळ्यात जास्त वाटतं, त्याच दिवशी कोणी विचारावं, जोडी नाही का? सकाळी सगळ्या गावानं मिळून ईडा पीडा बाहेर काढली, आणि संध्याकाळी माझ्या घरातली एक तशीच आत राहिली असल्यासारखं झालं. पार्किंगमधल्या दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण होतं. पोरं रांगेत उभी होती, एका काकांनी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, सगळ्यांनी "हर बोला हर हर महादेव" केलं, तोरण तुटलं. गोलूनं दोरी ओढली आणि बैल सरळ चालला, एकदाही कलंडला नाही. तेव्हा डोळे भरून यायला हवे होते ते त्या चालण्यानं. पण मी त्याची वळलेली मान पाहत होतो. डावीकडे कोणी नव्हतं.

दादाला आज फोन केला नाही. त्याचाही आला नाही. पोळ्याला एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. असो, ते आज नको.

दुसरा बैल करून घ्यावा असं पहिल्यांदाच वाटलं, आणि लगेच वाटलं की जुळणार नाही. जुनं सागवान हातांनी आणि तेलानं काळपट तांबूस झालेलं. नवं रंधून आलं की फिकट दिसतं, त्यात हिरवट पट्टे. रंग देऊन जुळवलेलं घरातल्या दिव्याखाली जुळतं आणि उन्हात नेलं की दोन वेगळ्या घरचे दिसतात. नक्कल केलेला बैल जुन्याशेजारी ठेवला तर नक्कलच दिसणार, आणि पुण्याचा जास्तच आठवणार. म्हणून मघाशी तो विचार सोडून दिला होता.

पण मग खऱ्या जोड्या आठवल्या. शेतकरी जोडी लावतो तेव्हा रंगाचा जोड मिळाला तर हौस भागते, एवढंच. आधी पाहतात खांदा. दोघांची खांद्याची उंची सारखी हवी, नाहीतर जू तिरपं होतं आणि बुटक्यावर भार येतो. मग चाल. एक चपळ, एक संथ असला तर दोघंही थकतात. रंग पांढरा-तांबडा असला तरी नांगर सरळ चालतो. आणि जोडीतला एक गेला तर दुसऱ्याला कोणी गोठ्यात उभं ठेवत नाही, त्याच्या खांद्याचा नवा पाहतात. काही दिवस जुना नव्याला ढकलतो, मग दोघं रुळतात. गावोगाव असंच चालत आलं आहे, आणि त्यात गेलेल्या बैलाचा अपमान कोणी मानत नाही.

मग लाकडालाही तेच माप. रंग जुळवायचाच नाही. नवा फिकट असेल तर फिकट असू दे, तो गोलूच्या हातांनी काळा होईल. खांदा मात्र बरोबर हवा. आत्ताच उठून मोजला, पाटासकट जमिनीपासून साडेआठ इंच, चाकं अडीच इंचांची. चाकं लहान-मोठी झाली की खांदा चुकतो, म्हणून चाकाचं माप सुताराला वेगळं लिहून द्यायचं. दोन्ही पाट एका आडव्या पट्टीनं जोडायचे नाहीत. जोडले की वळणावर आतली चाकं घासत ओढली जातात आणि आस वाकतो. दोन बैल, दोन दोऱ्या, दोन्ही एकाच हातात. गोलू पुढच्या पोळ्याला तेवढा मोठा होईल. नाहीतर एक दोरी मी धरीन.

पुण्याचा बैल पुण्याला राहू दे. तो दादाचा आहे. मागायचा नाही, आणि मनातही मागत राहायचं नाही. हे लिहिताना जड जातंय, पण मघापेक्षा कमी.

नव्याची मान उजवीकडे वळलेली हवी, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. मान वळवायची तर ठोकळाच रुंद घ्यावा लागतो. अंग चार इंच असलं तर ठोकळा साडेपाच इंचांचा तरी, नाहीतर तोंडाला लाकूड पुरत नाही आणि सुतार मान सरळ करून टाकतो. वळलेल्या मानेत लाकडाच्या रेषा आडव्या येतात, तिथे तुटायची भीती, म्हणून मान जाडच ठेवायची. शिंगं आणि कान वेगळे करून बसवायचे.

आता गणपती तोंडावर आहेत, मखरं-चौरंगांच्या घाईत कोणी हे काम घेणार नाही, आणि घेतलं तरी बरं करणार नाही. कोरायचं काम होळीनंतरच द्यायचं. लाकूड मात्र आधी घेऊन ठेवावं लागेल. अनंत चतुर्दशी झाली की लकडगंजला आरामशीनवर जाऊन बल्लारशा सागाचा एखादा कटपीस पाहतो. ओलं असलं तर दोन्ही टोकांना मेण लावून, पंख्यापासून दूर, सावलीत ठेवायचं. टोकं आधी वाळतात आणि तिथूनच चीर जाते. बैल दहा इंच धरला तरी तुकडा चौदाचा घ्यावा, दोन्हीकडचे दोन-दोन इंच कापून टाकायची तयारी ठेवून.