मोबाइलच्या आधीच पाय थांबले होते

‘आमच्या वेळी आम्ही दिवसभर मैदानावर असायचो, आताची पोरं मोबाइलमुळे हलतच नाहीत.’ हे ऐकलं की विचारावंसं वाटतं, दिवसभर म्हणजे नक्की किती, आणि मोजलं कोणी? १९६० किंवा ७० साली कुणा पोराच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र नव्हतं. मागे उरल्या आहेत त्या आठवणी, आणि आठवणींत दुपारची झोप किंवा गृहपाठाची वही सहसा येत नाही.

एका गोष्टीच्या नोंदी मात्र जुन्या आहेत: धावण्याच्या. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची आणि ताल वाढत जातो तसा वेग वाढवायचा, अशी एक चाचणी जगभर घेतली जाते. उच्च आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या १९ देशांतल्या साडेनऊ लाखांहून अधिक मुलांचे १९८१ ते २०१४ या काळातले निकाल एकत्र केले, तेव्हा दमसास सुमारे ७.३ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे तक्रार खोटी नाही. पण ही घसरण मुख्यतः २००० च्या आधीची आहे, नंतर ती बरीचशी थांबली. स्मार्टफोन घरोघरी आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे सगळं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांनी जरा थांबावं. (या १९ देशांत भारत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.)

भारतापुरतं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी काढलेला २०१६ चा अंदाज असा, की ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी जवळजवळ ७४ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत. २००१ मध्येही आकडा साधारण एवढाच होता, किंचित जास्तच. मोठ्यांचं चित्र याहून बोलकं आहे. पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ २००० साली सुमारे २२ टक्के होते, २०२२ मध्ये ते ४९ टक्क्यांवर गेले, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. मुलांचे आणि मोठ्यांचे निकष वेगळे आहेत, माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, म्हणून दोन्ही आकडे थेट शेजारी मांडू नयेत. तरीही सोफ्यावर बसून ‘उठ, जरा खेळायला जा’ म्हणणाऱ्याची घसरण पोरापेक्षा मोठी आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग गेलं काय? व्यायाम नव्हे. तालमीत जोर-बैठका काढणारे तेव्हाही गावात मोजकेच असायचे. गेली ती बिनहिशेबी हालचाल. शाळा घरापासून २ किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन ४ किलोमीटर, म्हणजे मुलाच्या चालीने ५० ते ६० मिनिटं. वर्षात २२० दिवस शाळा धरली तर ८८० किलोमीटर. व्हॅन दारात आली की हे सगळं शून्यावर येतं, आणि आठवड्यातून दोनदा लावलेला कराटेचा क्लास त्याची भरपाई करू शकत नाही. मुलींच्या बाबतीत तर मैदानाचा उल्लेखच फसवा आहे. पुष्कळ घरांतल्या मुलींना मैदान मिळालंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला पाणी होतं. १५ लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचेच १५ किलो, वर हंड्याचं वजन. हे कष्ट सुटले ते चांगलंच झालं. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही, ही खरी अडचण.

जुन्या खेळांचंही तसंच. खो-खोत आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे. एका वेळी चारच जण धावतात. मात्र बसलेला ‘खो’ मिळताच उकिडव्यातून झेपावतो, आणि ही उठबस डावभर चालते. लंगडीत एका पायावर सगळं वजन आपटतं. हाडांना नेमका असाच मार हवा असतो, कारण ती मजबूत होतात धक्क्याने. पोहणं आणि सायकल दमासाठी उत्तम, हाडांसाठी जवळपास निरुपयोगी. उलट क्रिकेट भरपूर खेळणारा पोरगा लाँग ऑनला तासभर नुसता उभा असू शकतो. पीटीच्या तासाला ६० मुलं आणि एक चेंडू असेल तर हिशोब आणखी वाईट: हजेरी, रांग, आपली पाळी येईपर्यंतची वाट, आणि ३५ मिनिटांतली प्रत्यक्ष हालचाल जेमतेम दहा मिनिटं.

५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचालीची, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणाऱ्या हालचालींची. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. मोजायचं तर आठवडाभर कागदावर लिहा, दहा-दहा मिनिटांच्या घरांत, आणि रोज रात्री. रविवारी सगळं एकदम आठवून लिहिलं तर आकडा हमखास फुगतो. फोनमधल्या पावलांवर फार विसंबू नका. फोन दप्तरात राहिला तर मैदानावरचं काहीच मोजलं जात नाही, सायकल त्याला नीट कळत नाही, आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या दुचाकीवर काही फोन फुकटची पावलं चढवतात. रोज दहा हजार पावलांचा आकडाही १९६० च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमापकाच्या जाहिरातीतून आलेला आहे, वैद्यकीय अभ्यासातून नव्हे.

दमसास बघायचा तर ६०० मीटर धावणं पुरे. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी तेच आहे. ट्रॅक नसेल तर टेप लावून ३० बाय २० मीटरचा आयत आखा. एक फेरी १०० मीटरची, अशा सहा. कोपऱ्यावर चपला किंवा विटा ठेवा, नाहीतर मुलं कोपरे कापतात आणि प्रत्येक फेरीत चार-पाच मीटर वाचवतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पहिली फेरी जीव तोडून पळणं. तिसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ येते आणि उरलेलं अंतर चालत जावं लागतं. जेवणानंतर किमान दोन तासांनी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर घ्या. वेळ लिहून ठेवा आणि आठ आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा घ्या. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. वयात येण्याच्या काळात एकाच वर्गातल्या दोघांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो.

दुसरी चाचणी फुकटची आहे: उकिडवं बसणं. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात पुढे, अर्धा मिनिट. टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे तोल जात असेल तर दोष बहुधा गुडघ्यांत नसतो. घोटा पुढे वाकत नाही, पोटऱ्या आखडल्या आहेत. खात्री करायला पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकला नाही तर रोज भिंतीला रेटून पोटरी ताणायची, प्रत्येक पाय ३० सेकंद, तीनदा. उकिडवं बसताना सुरुवातीला टाचांखाली दोन-तीन सेंटिमीटरची फळी ठेवा, दोन आठवड्यांनी पातळ करा, मग काढून टाका. गुडघ्यात दुखत असेल तर मात्र थांबा. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या आणि भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या घरांत हा व्यायाम वेगळा करावाच लागत नव्हता.

चालण्याचा थोडा वेळ परत मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे व्हॅन शाळेच्या एक किलोमीटर अलीकडे सोडणं. अडतं ते रस्त्यावर: पदपथावर गाड्या उभ्या, चौकात सिग्नल नाही. एकट्या मुलाला असं सोडू नये. सोसायटीतल्या आठ-दहा मुलांबरोबर पालकांनी पाळी लावून चालावं, म्हणजे त्या मोठ्या माणसाचीही तेवढीच पावलं होतात. निघण्यापूर्वी दप्तर तपासा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं. वजनकाट्यावर मुलाला एकदा दप्तरासह आणि एकदा दप्तराशिवाय उभं करा. ३० किलोच्या मुलाच्या पाठीवर ३ किलोंहून जास्त निघालं तर आधी दप्तरातलं सामान कमी करा, मग चालायला लावा.