४२९४९६७२९७ आणि माझं हरवलेलं शून्य

आज परत झोपायला उशीर होणार. कारण काय तर एक भागाकार, शाळेतला, कागदावरचा.

संख्या ४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर बरंच काही, थोडक्यात २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला वाटायचं या जातीच्या (२ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १) सगळ्याच संख्या मूळ असतात, ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाच आहेतच, मग ही सहावी पण असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं, म्हणजे ही मूळ नाही. हे कधीचं माहितीये मला पण स्वतः कधी केलं नव्हतं, म्हणून मोबाईल लांब ठेवला आणि बसलो.

४२९४ मध्ये सहा वेळा, बाकी ४४८. नऊ खाली घेतला, ४४८९, सात वेळा, बाकी फक्त २. मग सहा उतरवला तर २६, भाग जात नाही, सात उतरवला तर २६७, तरी नाही, आणि इथेच माती खाल्ली, वर दोन शून्यं द्यायची तर मी एकच दिलं. पुढे सगळं सुरळीत, शेवटी बाकी शून्य, मी खूश! ताळा करायला ६७०४१७ ला ६४१ ने गुणलं तर आलं ४२९७३७२९७. सुरुवातीला ४२९, शेवटी २९७, त्यामुळे एक अख्खा आकडा कमी आहे हे दोन मिनिटं कळलंच नाही. लहानपणी याच शून्यापायी मार्क जायचे, अजून तेच चालूय. खरं उत्तर ६७००४१७.

आणि एवढी मारामारी करायची गरजच नव्हती हे जास्त लागलं. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. दोन्हीला २ च्या २८ व्या घाताने गुणा, पहिल्याचा होतो ६४० चा चौथा घात (६४० म्हणजे ५ गुणिले १२८ ना), दुसऱ्याचा २ चा ३२ वा घात, आणि यांच्या बेरजेला ६४१ ने भाग जाणारच. आता ६४० च्या चौथ्या घातातून १ काढला तर त्यालाही ६४१ ने भाग जातो (६४० चा वर्ग वजा १ हा त्याचा अवयव, आणि तो म्हणजे ६३९ गुणिले ६४१). बेरजेतून हे वजा करा, उरतं काय तर २ चा ३२ वा घात अधिक १. झालं! भागाकार नाही की हातचे नाहीत. हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल त्याचा हेवा वाटतो खरंच.

आता ६७००४१७ मूळ आहे का ते बघतोय. आहे हे माहितीये, तरी. हिचे मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकनेच जास्त असू शकतात, त्यामुळे तपासायचे थोडेच उरतात. ६४१ ने परत भागलं, बाकी ४४. ७६९, बाकी १२०. शून्यं दोनदा मोजली यावेळी. ११५३ उद्या.