आप्पांच्या करंगळीवरचं कुरूप

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या तळपायाला कुरूप झालं होतं. शाळेत दिवसभर उभं राहून केमिस्ट्री शिकवते, टाच टेकवली की खडा रुतल्यासारखं व्हायचं. घराजवळच्या मेडिकलमधून बाटली आणली. सॅलिसिलिक अ‍ॅसिड १६.७ टक्के, लॅक्टिक अ‍ॅसिड १६.७ टक्के, बाकी कोलोडियन, म्हणजे वाळून पापुद्रा धरणारा चिकट द्राव. बूच काढलं की ईथरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. रोज रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचा, वजरीनं हलकं घासायचं, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचं कडं करायचं आणि मधोमध एक थेंब सोडायचा. तो वाळून पांढरा पापुद्रा धरतो. त्याखाली ओल कोंडते, कातडं फुगतं, आणि मेलेल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे सॅलिसिलिक अ‍ॅसिड सैल करतं. तिसऱ्या आठवड्यात भिजल्या कागदासारखी सालं निघाली आणि आतला टणक खिळा उचलून आला. किती बरं वाटलं!

ते बघूनच आप्पांनी स्वतःच्या पायाच्या करंगळीवरच्या कुरपाचा विषय काढला. वय ७४, मधुमेह अठरा वर्षांचा. मी शाळेत असताना स्वतःच दुकानात जाऊन कॉर्न कॅप घेऊन आले. ती छोटी चिकटपट्टी, मध्ये ४० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडची टिकली. देणाऱ्यानं "काका, शुगर आहे का?" एवढंही विचारलं नाही. मधुमेह्यांनी वापरू नये हे पाकिटावर होतं, पण मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

मला संध्याकाळी कळलं तेव्हा म्हटलं, "आप्पा, काढा ती. तुम्हाला चालत नाही."

"अगं, तुझ्याच बाटलीतलं औषध ना? आणि अ‍ॅस्पिरिन तर मी रोज गिळतो. पोटाला चालतं ते पायाला काय करणार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. दोन्ही एकाच घराण्यातली. विलो नावाच्या झाडाच्या सालीवरून सॅलिसिलिक हे नाव आलं, सांधेदुखीवर लोक ते पोटात घेत, पण त्यानं पोटाची आग व्हायची. म्हणून १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याला अ‍ॅसिटिल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा पुंजका, जोडला गेला आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन म्हणून विकलं जाऊ लागलं. आप्पांची ७५ मिलिग्रॅमची गोळी रक्तातल्या प्लेटलेट्सना गुठळी करण्यापासून रोखते, आणि ते काम त्या अ‍ॅसिटिल गटाचं आहे. करंगळीवर चिकटवलेलं होतं ते मूळचं अ‍ॅसिड. हे सगळं मी त्यांना समजावलं, त्यांनी मान डोलावली, "काढतो" म्हणाले. आणि मी त्यांच्यासमोर बसून ती पट्टी काढून घेतली नाही. हे मला अजून सलतं.

चौथ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या मोज्यावर पिवळट डाग दिसला. कॅप घसरून करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात गेली होती. तिथली पातळ कातडी पांढरीफटक पडून निघाली होती, खाली लालभडक ओली जखम, ज्वारीच्या दाण्याएवढी. "दुखलं नाही का हो?" तर म्हणाले, "काहीच नाही."

अ‍ॅसिडला कुरूप आणि चांगली कातडी यातला फरक कळत नाही. माझ्या पायाला जरा चुरचुरलं की मी थांबायचे. आप्पांकडे ती चुरचुरच उरली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक, ताठ दोरा तळव्याला टेकवला. दोरा वाकला तरी आप्पा विचारत होते, "लावला का?" मी शेजारी उभी होते. साखरेनं नसा इतक्या बधिर झाल्या होत्या आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता.

जखम भरायला पाच आठवडे ड्रेसिंग लागलं. नशीब, पायातला रक्तपुरवठा ठीक होता.

लॅक्टिक अ‍ॅसिड मात्र आप्पांच्या पायावर आजही आहे. टाचांना भेगा पडू नयेत म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या क्रीममध्ये. दह्याला आंबट करतं तेच हे. आपल्या कातडीच्या वरच्या थरातही ते मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. क्रीममध्ये ते बेतानं असतं, म्हणून कोरडी टाच मऊ पडते. बोटांच्या बेचक्यात ते लावायचं नाही आणि उघड्या भेगेवर तर नाहीच. वर्गात मुलं सांगतात, खेळल्यावर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे. तसं नाही, ते तास-दीड तासात निघून जातं. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे.

आप्पांना कुरूप झालं होतं ते मुळात बुटामुळे. काळा, टोकाला निमुळता, लग्नसमारंभांसाठी घेतलेला आणि मग रोजच वापरात आलेला. नवे बूट आम्ही संध्याकाळी जाऊन घेतले, कारण दिवसभरात पाय सुजतो. दुकानदार आठ नंबर पुरेल म्हणत होता, आप्पाही म्हणत होते, "घट्ट नाही गं." त्यांचा पाय ते सांगू शकत नाही हे आता मला ठाऊक होतं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं बाह्यरेषा काढली, बुटातला सुकतळा तिच्यावर ठेवला. करंगळी चांगली अर्धा सेंटिमीटर बाहेर होती. नऊ नंबर घेतला.

आता रोज झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन त्यांच्या बोटांची एकेक बेचकी बघते. ते वर्तमानपत्र वाचत पाय पुढे करतात.