आधी कापड, मग मोटर

"ताई, ते पाठीला पंखा बांधून उडतात ना, ते शिकायचंय. मोटर कुठं मिळते? केवढ्याला मिळते?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतं. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सूत घेऊन आलेला टेम्पोवाला विचारतो, भाच्याचे कॉलेजातले मित्र घरी येऊन विचारतात. दर वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी अर्धवट सांगते आणि मग चुटपुट लागून राहते की मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. म्हणून आज नीट बसून लिहिते.

मुख्य गोष्ट ही, की मोटर सगळ्यात शेवटी घ्यायची. पॅरामोटरमध्ये, म्हणजे या पाठीच्या पंख्यानं उडण्यात, आपल्याला हवेत धरून ठेवतं ते डोक्यावरचं कापड, म्हणजे विंग. मोटर मागून ढकलते, एवढंच तिचं काम. विंग हाताळता येत नसेल तर मोटर जितकी ताकदीची तितकी इजा मोठी.

आमचं घर टॉवेलवाल्यांचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे माग आहेत आणि तयार माल तपासायचं काम गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे लोणावळ्याजवळ कामशेतला उडायला शिकायला गेले तेव्हा पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी विंग उलगडली तेव्हा बाकीचे रंग बघत होते आणि माझा हात आपोआप पोत बघायला गेला. आमचा साधा टॉवेल साडेचारशे-पाचशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा, असतो. हे कापड चाळीसच्या आसपास, काही तर त्याहूनही हलकं. नायलॉनचं रिपस्टॉप. उभ्या-आडव्या धाग्यांत ठरावीक अंतरावर एकेक जाड धागा घातलेला असतो, त्याने बारीक बारीक चौकटी पडतात. एका चौकटीत फाटलं तर ती फाट पुढच्या जाड धाग्यापाशी अडते. हवा आरपार जाऊ नये म्हणून वरून लेप दिलेला असतो. सोलापूरच्या उन्हात हे कापड विनाकारण पसरून ठेवलं की लेपही म्हातारा होतो आणि नायलॉनही. दिसायला मात्र ते तसंच चकचकीत राहतं.

मला सुरुवातीला एकानं जुनी विंग दाखवली होती. "दोनच सीझन वापरलीय ताई, नवीकोरी आहे." शिलाई बघितली, दोऱ्या बघितल्या, कुठं डाग नाही, उसवण नाही. मी पैसे द्यायला निघालेच होते. सर म्हणाले, आधी तपासून घेऊ. त्याचं एक छोटं यंत्र असतं. ठरावीक हवा कापडातून पार व्हायला किती सेकंद लागतात ते त्यावर कळतं. त्या विंगमधून हवा अशी गेली जशी आमच्या मलमलीतून जावी. कापडात आयुष्य घालवलेल्या माझ्या हाताला जे कळलं नाही ते यंत्रानं दाखवलं. तेव्हा जुनी विंग घ्यायचीच असेल तर हा तपास आणि दोऱ्यांची लांबी मोजल्याचा कागद हातात आल्याशिवाय घेऊ नका. शिकाऊ माणसानं ईएन या युरोपीय मानकातल्या ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, वर्गातली, फार तर शांत स्वभावाची बी वर्गातली विंग घ्यावी. आणि तिचा साइज ठरवताना स्वतःचं वजन, मोटर, पेट्रोल, हेल्मेट, बूट सगळं मिळून किती भरतं ते धरायचं. हा हिशोब बरेच जण चुकवतात.

विंग हातात आली की लगेच उडायचं नाही, जमिनीवर उभं राहायचं. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि माझ्या मते निम्मं पॅरामोटरिंग इथंच शिकून होतं. कामशेतला मी टेकडीवरून बिनमोटरची उड्डाणं केली, दोन खेपांत मिळून बारा दिवस. पण हात बसला तो इकडे आल्यावर, मंगळवेढ्याकडच्या एका माळावर. बेगमपूरचा पूल ओलांडून पुढे गेलं की ओळखीच्या आबांची जमीन आहे. आबांना मी विचारलं तेव्हा त्यांची एकच अट होती, "पिकात पडू नका म्हंजे झालं."

पहाटे साडेसहाला वारा ताशी आठ-दहा किलोमीटर असतो. विंग जमिनीवर कमानीसारखी पसरायची, तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि पुढचे रायझर, म्हणजे दोऱ्या जिथं एकत्र येतात ते पट्टे, हलकेच ओढायचे. विंगच्या पुढच्या कडेला तिच्या खणांची, म्हणजे शिवलेल्या कप्प्यांची, तोंडं उघडी असतात. त्यात वारा शिरतो, मधले खण आधी फुगतात, मग कडेचे, आणि सळसळत सगळी विंग उभी राहते. ती डोक्यावर आली की तो आवाज एकदम थांबतो. हार्नेसच्या, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या बैठकीच्या, दोन्ही बाजूंना हलकी ओढ जाणवते, एवढंच. उजवीकडे कलली तर उजवीकडची ओढ कमी होते. तेव्हा वर बघायच्या आधी पाय त्या बाजूला सरकले पाहिजेत आणि डावा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) इंचभर खाली आला पाहिजे. हे डोक्यानं ठरवत बसलात तर उशीर होतो. सरांनी मला सांगितलं होतं, डोळे मिटून पाच मिनिटं विंग डोक्यावर धरता आली की मोटरचं बोलू. मला चाळीसच्या वर सकाळी लागल्या.

त्यात आपल्याकडची एक अडचण म्हणजे ज्वारीची धसकटं. दोऱ्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, त्या धसकटात अडकतात आणि विंग उचलताना तुटायची भीती असते. बाभळीच्या काट्याचं तर सांगायलाच नको. म्हणून जागा आधी पायी फिरून बघायची, गरज पडली तर झाडून घ्यायची. आबांच्या सूनबाई पहिल्या दिवशी खराटा घेऊन मदतीला आल्या होत्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आबांकडून मी वारा वाचायला शिकले. माझ्याकडे वाऱ्याची पिशवी होती, वेगमापक होता. पण आबा कडब्याच्या गंजीकडे बघून म्हणायचे, "ताई, वारं फिरलंय, गुंडाळा आता," आणि दहा मिनिटांत पिशवी उलट्या बाजूला वळायची. गळीत हंगामात आणखी एक खूण मिळते, साखर कारखान्याचा धूर. हिवाळ्यात पहाटे खाली पान हलत नाही, पण धूर थोडा सरळ वर जातो आणि मग काटकोनात वळून आडवा धावतो. याचा अर्थ रात्रभर थंड झालेली हवा जमिनीलगत साचलीय आणि तिच्यावरून वारा जोरात वाहतोय. अशा वेळी निघालात तर शे-दीडशे मीटरवर विंग पुढे जायचं नाव घेत नाही. तिचा स्वतःचा वेगच ताशी चाळीस-पन्नास. धूर तसा वळलेला दिसला की मी आबांकडे चहा पिते आणि सूर्य वर येईपर्यंत थांबते.

ऋतूंचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास. दुपारी काळी माती तापली की हवेचे उमाळे उठतात, त्यात शिकाऊ माणसानं जाऊ नये. एप्रिल-मे मध्ये उन्हानं हवा विरळ होते, विंगला उचल कमी मिळते, मोटरची ताकदही घटते आणि तेवढंच वजन घेऊन बरंच जास्त धावावं लागतं. त्यात वळवाचा भरवसा नाही. ढग लांब बार्शीकडे दिसत असला तरी त्याच्या पुढचा झोत तुमच्यापर्यंत आधी पोचतो. जून ते ऑगस्ट मी विंग बाहेर काढतच नाही.

आता मोटर. पाठीवरचं सगळं मिळून पंचवीस किलोच्या आसपास. "बाईमाणसाला झेपतं का?" हे मला हमखास विचारतात. उभं राहिलं की जड वाटतं, हे खरं. पण विंग डोक्यावर आली की ती भार उचलायला लागते. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी चाकांची गाडीही मिळते. इंजिन टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल, तासाला साधारण तीन-चार लिटर लागतं. आता पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं, म्हणून उडून आल्यावर टाकीत ठेवू नका. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. पॅरामोटरच्या दुखापतींत प्रॉपेलरनं हाताला झालेल्या जखमा फार असतात आणि त्या बहुतेक जमिनीवरच, इंजिन सुरू करताना होतात. थ्रॉटल अडकलाय का ते बघायचं, इंजिन बंद करायचा किल स्विच बोटाखाली ठेवायचा, आजूबाजूच्या पोरांना लांब उभं करायचं, आणि मगच सुरू करायचं.

मोटरवरच्या माझ्या तिसऱ्या उड्डाणाला मी पडले. डिसेंबरची सकाळ, वारा अजिबात नाही. विंग छान वर आली, पूर्ण थ्रॉटल दिला, धावले, पाय जमिनीवरून सुटले आणि मला वाटलं, झालं. मी हार्नेसमध्ये बसले. विंगला अजून पुरेसा वेग आलेला नव्हता. पाय वर आणि मी खाली, अशी गुडघ्यावर आदळले. मागची जाळी वाकली, प्रॉपेलरचं टोक काळ्या मातीत घुसलं आणि कार्बनचे तुकडे पंधरा फुटांवर पडले. सहा आठवडे गुडघा बांधून कारखान्यात जात होते. पाय सुटले तरी हवेत धावत राहायचं, विंग तुम्हाला ठामपणे वर नेतेय हे अंगाला कळल्यावरच बसायचं. सरांनी हे वीस वेळा सांगितलं होतं. गुडघ्याला एकदाच कळलं.

"इंजिन बंद पडलं तर?" हाही प्रश्न असतोच. टू-स्ट्रोक इंजिन कधीही बंद पडू शकतं. तेव्हा विंग दगडासारखी खाली येत नाही, एक मीटर उतरताना सहा-सात मीटर पुढे जाते. म्हणून उतरायला जागा असेल तिथूनच उडायचं. उसाच्या फडावरून जाताना फडाच्या पलीकडचं मोकळं रान आवाक्यात हवं. उजनी धरणावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते वरून बघावेत असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटतं. पण मोटर पाठीला बांधून पाण्यात पडलं तर बुडायची भीती फार मोठी असते. काठावरून बघा. आणि तारा! आपल्याकडे प्रत्येक विहिरीवर पंप आहे, म्हणजे प्रत्येक शेतावर तार आहे. वरून खांब दिसतात, तार दिसत नाही. ओलांडायचीच असेल तर खांबावरून ओलांडायची.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटर लावली की कायद्याच्या दृष्टीनं ते विमानच, त्यामुळे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचे नियम लागू होतात आणि स्थानिक पोलीस-प्रशासनाला विचारल्याशिवाय उडू नये. मोठे दौरे, उत्सव असले की मनाई आदेश निघतात, त्यात ड्रोनबरोबर आपणही येतो. होटगी रोडला विमानतळ आहे. त्याच्या मार्गात येते म्हणून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, हे सोलापूरकरांना सांगायला नको, तेव्हा त्या बाजूला आपलं काही काम नाही. आणि नान्नजला माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे. ते पक्षी किती थोडे उरलेत ते आपण जाणतो. त्यांच्या माळावर इंजिनाचा आवाज नेऊ नका, ही माझी वैयक्तिक विनंती समजा.

खर्च? नवी चांगली मोटर, विंग, रिझर्व्ह पॅराशूट मिळून एका छोट्या नव्या कारएवढा जातो. ही रक्कम ऐकून घाबरू नका आणि उसनवारीही करू नका. आधी फक्त शिकण्याची फी भरा. टेकडीवरून चार उड्या मारल्यावर कितीजणांना कळतं की आपल्याला मोटर नकोच, निवांत वाऱ्यावर तरंगायला आवडतंय. त्यांचे पैसे वाचतात.

दिवाळीनंतर मी दर रविवारी माळावर असते. शिकवण्याचा परवाना माझ्याकडे नाही, त्यामुळे उडवणार कुणालाच नाही. पण माझी पहिली विंग मी जमिनीवरच्या सरावासाठी ठेवलीय, ती हातात घेऊन बघा. घोटा झाकणारे बूट, जाड हातमोजे, पाण्याची बाटली आणा. पहाटे साडेपाचला सोलापुरातून निघावं लागतं. आबांकडे जाताना मुलांसाठी काहीतरी खाऊ घ्या.