बाकाचे लोखंड आणि बाकाचे लाकूड

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलने आणि बक्षीस समारंभ आठवण्याआधी मला आठवला तो आठवीच्या वर्गातील माझा बाक. बसण्यासाठी आणि लिहिण्यासाठी लाकडी फळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा, असा तो साधा बाक होता. थंडीच्या दिवसांत पहिल्या तासाला उघडा गुडघा त्या लोखंडाला लागला की अंगावर काटा येत असे, आणि त्याच बाकाच्या फळीवर हात मात्र खुशाल टेकवता येत असे. लोखंड थंड असते आणि लाकूड उबदार, हे माझ्या दृष्टीने पडताळून पाहण्याजोगे विधानच नव्हते.

आमचे विज्ञानाचे सर एके सकाळी खिशात तापमापी घालून वर्गात आले आणि बाकाचा कोणता भाग अधिक थंड आहे, असे त्यांनी विचारले. मी तत्परतेने उभा राहिलो आणि ‘लोखंड, सर, निदान पाच-सहा अंशांनी’ असे सांगून मोकळा झालो. सरांनी तापमापीचा फुगा लोखंडी पायाला टेकवला, वरून कापसाचा बोळा दाबून दोऱ्याने बांधला आणि दहा मिनिटे दुसरेच काही शिकवत राहिले. मग तोच प्रकार त्यांनी फळीवर केला. दोन्ही वेळा पारा २० अंशांवर होता. मी म्हणालो, ‘सर, तापमापी बिघडली असेल.’ वर्ग हसला, सर हसले नाहीत. ‘असेलही. मग आपण दुसरा साक्षीदार बोलावू,’ एवढेच ते म्हणाले.

दुसरा साक्षीदार म्हणजे बर्फ. दुसऱ्या दिवशी सरांनी थर्मासमधून बर्फाचे दोन सारखे खडे आणले आणि एक लाकडी फळीवर, तर दुसरा तेवढ्याच जाडीच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. कोणता आधी वितळेल, हे सांगण्याचा मान अर्थातच मला मिळाला. लोखंड थंड, म्हणून त्यावरचा बर्फ जास्त टिकेल, असे मी ठामपणे सांगितले. काही क्षणांतच लोखंडावरच्या खड्याखाली पाण्याचे तळे साचले आणि तो त्यावर अलगद सरकू लागला; फळीवरच्या खड्याच्या कडा तेव्हाही शाबूत होत्या. मी मान खाली घातली, तेव्हा सर म्हणाले, ‘अरे, तुझ्या हाताला लोखंड थंड वाटले. आता बर्फाला विचार, त्याला कोण गरम वाटले ते.’

या एका वाक्यात सगळा विषय आला होता, पण तो नीट उलगडायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश असते आणि खोलीतील लोखंड व लाकूड दोन्ही २० अंशांवर असतात, त्यामुळे हात टेकताच उष्णता हाताकडून वस्तूकडे वाहू लागते. लाकूड ती उष्णता पुढे ढकलू शकत नाही, त्यामुळे त्याचा हाताखालचा पातळ थर चटकन तापतो आणि हातातून उष्णता जाणे तिथेच थांबत येते. लोखंड मात्र मिळालेली उष्णता लगेच आत खेचून घेते आणि पृष्ठभाग पुन्हा थंडच ठेवते. ढोबळ हिशोब केला तर पहिल्या क्षणी लाकडाला टेकलेली त्वचा जेमतेम ३० अंशांपर्यंत उतरते आणि लोखंडाला टेकलेली २१ अंशांच्या आसपास जाते. थंडी-उष्णता जाणणारी चेतातंतूंची टोके त्वचेत असतात, वस्तूत नसतात. ती आपल्याला त्वचेचे तापमान आणि ते किती वेगाने बदलते आहे, एवढेच कळवतात. आम्ही मात्र ती बातमी बाकाविषयीची समजत होतो. (ही टोके थंडी कोणत्या प्रथिनाच्या आधारे ओळखतात, हे शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेच प्रथिन मेन्थॉललाही प्रतिसाद देते, म्हणूनच काहीही थंड झालेले नसताना पुदिन्याच्या अर्काने तोंड गार वाटते.)

तापमापी आणि हात यांच्यातील मूळ फरकही मला तेव्हा कळला नव्हता. तापमापी वस्तूच्या तापमानाला येऊन पोहोचते आणि तिथे स्थिरावते. हात असा कधी स्थिरावत नाही, कारण शरीर आतून सतत उष्णता पुरवत असते. तापमापी तापमान सांगते आणि हात गळती सांगतो.

माझी फजिती तशी जुन्याच जातकुळीची होती, हे नंतर वाचनात आले. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५७ साली जॉन लायनिंग या डॉक्टरांना लिहिलेल्या एका पत्रात आपल्या लिहिण्याच्या मेजाचे लाकूड आणि त्याच मेजाचे कुलूप यांचे उदाहरण घेतले आहे: दोन्ही एकाच हवेत, तरीही कुलूप अधिक थंड लागते, कारण धातू हातातील उष्णता अधिक सहज काढून घेतो. मेजाच्या जागी बाक ठेवला की आमचाच तास.

पाठ्यपुस्तकाविषयी मात्र एक तक्रार नोंदवतो. ‘धातू सुवाहक, म्हणून थंड लागतो’ हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले; पण ते अर्धेच उत्तर आहे. लोखंडाची उष्णतावाहकता सुमारे ८० आणि लाकडाची ०.१५ च्या आसपास, म्हणजे फरक पाचशे पटींचा आहे. हाताला तो तसा भासत नाही. वस्तू हातातून किती जोमाने उष्णता ओढते, हे वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्माधारकता (एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) या तिघींच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते, आणि त्या मापाने लोखंड लाकडाच्या सुमारे चाळीस पट भरते. पाण्याची वाहकता काचेपेक्षा कमी असूनही ते काचेइतकेच गार लागते, कारण त्याची उष्णता सामावून घेण्याची क्षमता मोठी आहे. जाडीही विसरून चालत नाही: अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख स्पर्शाच्या पहिल्या क्षणी गार लागतो आणि लगेच बोटाच्या तापमानाला येतो, कारण उष्णता साठवायला त्याच्यापाशी वस्तुमानच नसते. खडबडीत दगड गुळगुळीत दगडापेक्षा कमी थंड वाटतो, कारण खळग्यांमध्ये अडकलेली हवा हाताला दगडापर्यंत पुरते पोहोचू देत नाही.

तासाच्या शेवटी सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि उत्तर न सांगता ते निघून गेले: ‘लोखंड आणि लाकूड सारखेच लागतील, असा दिवस येईल का?’ त्या वेळी मला तो निव्वळ गमतीचा वाटला होता. वस्तू त्वचेपेक्षा थंड असतील तर लोखंड अधिक थंड लागते, आणि ४० अंशांच्या दुपारी सावलीतील त्याच बाकाचे लोखंड लाकडापेक्षा अधिक गरम लागते, कारण आता तेच हाताला भराभर उष्णता देत असते. अर्थात या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी भांडण मिटलेच पाहिजे.

महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी उन्हाळ्यात शाळेत गेलो, तेव्हा जुने बाक व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवलेले होते. व्हरांड्यात ऊन येत नव्हते आणि भिंतीवरच्या तापमापीत ३४ अंश होते. मी डोळे मिटले आणि एका बाकाच्या फळीवरून बोट सावकाश सांगाड्याकडे नेले. ते थंडही लागले नाही आणि गरमही लागले नाही. लाकूड संपून लोखंड सुरू झाले, हे मला कळले ते रंगाचे पोपडे आणि एका बोल्टचे डोके बोटाला लागले तेव्हा.